चहाबरोबर काय खाल्लंत?

पेशंटला "काही खाल्लंय का?" असं कधीही विचारू नये. तो "नाही" म्हणतो. ऑपरेशनसाठी आणलेला, मागून बांधायचा गाऊन घालून ट्रॉलीवर पडलेला, पाचावर धारण बसलेला कुठलाही माणूस "नाही"च म्हणतो, मग त्याच्या मिशीत पावाचा चुरा का अडकलेला असेना. म्हणून मी सहज विचारते, "सकाळी चहाबरोबर काय खाल्लंत?" आणि तो तितक्याच सहज सांगतो, "काही नाही हो सिस्टर, नुसता टोस्ट." सापडला! पाठवा परत वॉर्डात.

मी भुलीची नर्स आहे. भूल डॉक्टर देतात आणि मी त्यांच्या शेजारी असते, असं सांगितलं की लोकांना वाटतं मी तिथे शोभेला उभी असते. अहो, पहिला पेशंट यायच्या आधी भुलीचं मशीन तपासायचं, ऑक्सिजनचा साठा बघायचा, घशातला चिकटा ओढून घेणारं यंत्र नीट ओढतंय ना ते बघायचं. घशात नळी घालताना लागणारा दिवा पेटतोय का, लहानमोठ्या मापाच्या नळ्या हाताशी आहेत का, भरलेल्या प्रत्येक सिरिंजवर औषधाचं नाव चिकटवलंय का, सगळं बघायचं. पेशंट झोपला की डॉक्टरांना हवी ती वस्तू त्यांनी मागायच्या आधी त्यांच्या हातात ठेवायची. आणि मग ऑपरेशन संपेपर्यंत त्याचा श्वास, नाडी, ब्लडप्रेशर, ओठांचा रंग यांवरून नजर हलवायची नाही. सर्जन पोटाकडे बघतो, बाकीचे सर्जनकडे बघतात. पेशंटकडे बघणाऱ्या आम्ही दोघीच, भुलीच्या मॅडम आणि मी.

हे काही मी आईच्या पोटातून शिकून आले नव्हते. आधी वॉर्डात चादरी बदलल्या. मग थिएटरमध्ये सर्जनच्या हातात कात्र्या-चिमटे दिले, आणि कात्री चुकली की बोलणीही खाल्ली. मग परीक्षा देऊन भुलीचा कोर्स केला आणि आमच्या थोरल्या सिस्टरच्या हाताखाली राबले. पहिल्याच दिवशी त्यांनी सुनावलं होतं, "झोपवायचं कौतुक सांगू नकोस. झोपवायला पाळणासुद्धा पुरतो. उठवायला शीक."

ही गोष्ट मी मोठ्या अभिमानाने घरी सांगितली. तेव्हा सासूबाई ताटावरून मान वर न करता म्हणाल्या, "एवढं शिकून काय, तर माणसं झोपवायची? ते तर माझा मुलगा रोज वर्गात करतो. तेही औषधाशिवाय."

आमचे हे इतिहासाचे शिक्षक आहेत. तेही हसले, हे विशेष.

पिकतं तिथे विकत नाही, तशी माझी घरात गत. पण माझ्या तोंडाला कुठलं कुलूप! रोज जेवताना मी थिएटरातल्या गमती सांगायची. दारूचं विचारायचं तर "पिता का?" नाही विचारायचं, "रोज घेता की फक्त शनिवारी?" असं विचारायचं. कवळी आहे का, याला बायका मेल्या तरी "हो" म्हणत नाहीत, म्हणून "दात काढून कशात ठेवता?" असं विचारायचं. दम लागतो का, याला पुरुष छाती काढून "छे" म्हणतात, म्हणून "जिना चढताना मधे कुठे थांबता?" असं विचारायचं. आणि सगळ्यांत शेवटी माझा हुकमी एक्का, चहाबरोबर काय खाल्लंत. ह्यांचं लक्ष वर्तमानपत्रात. सासूबाई मात्र "जेव आता, बडबड पुरे" म्हणत सगळं कान देऊन ऐकायच्या. वर्षानुवर्षं ऐकायच्या. मला कुठे माहीत की मी माझ्याच हाताने एक पेशंट तयार करतेय!

आता सासूबाईंबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्यांचा स्वभाव वाईट नाही. पण तो खाण्याआधीचा आणि खाण्यानंतरचा असा दोन भागांत आहे. सकाळी पोटात काही जाईपर्यंत त्यांच्या वाटेला कोणी जात नाही. दूधवाला पिशवी ठेवतो आणि बेल न वाजवता जिना उतरतो. आमचे हे पन्नाशीला आले, तरी आईचा चहा-बिस्किटं होईपर्यंत बाथरूममधून बाहेर येत नाहीत. आणि खाणं झालं की मग काय, "आलास का राजा, बस." मला या घरात येऊन जन्म झाला, पण उपाशीपोटी त्यांच्या तोंडून एक गोड शब्द मी ऐकलेला नाही.

तर अशा सासूबाईंच्या पित्ताशयात खडे झाले. कळ आली की भिंतीला धरून उभ्या राहायच्या आणि विचारलं की "गॅस झालाय" म्हणायच्या. सोनोग्राफी झाली, सर्जनसाहेबांनी सांगितलं की पिशवी काढावीच लागेल, उशीर केलात तर आत फुटेल आणि मग जिवावर बेतेल. सासूबाईंनी साफ नाही म्हणून सांगितलं. मी समजावलं, ह्यांनी समजावलं, नणंदेने फोनवर रडून दाखवलं. गाढवापुढे वाचली गीता. शेवटी एका दुपारी अशी कळ आली की त्या स्वयंपाकघरात खालीच बसल्या आणि माझं मनगट धरून म्हणाल्या, "कर बाई काय करायचं ते. पण भूल तू द्यायचीस."

"मी आहे ना तिथे," मी म्हटलं.

आता आमच्या थिएटरचा एक नियम आहे. घरच्या माणसाच्या भुलीला आपण हात लावायचा नाही. सासू टेबलावर असली की डोकं नर्सचं राहत नाही, सुनेचं होतं, आणि सुनेच्या हातात सिरिंज देणं कुणालाच परवडणारं नाही. म्हणजे मी असणार होते, पण दाराबाहेर. हे मी त्यांना त्या वेळी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या जमिनीवरून उठून सरळ "मग राहू दे" म्हणाल्या असत्या.

वर त्यांनी एक अट घातली. "एकदाच येईन. तिथून परत पाठवलंत तर पुन्हा त्या दारात पाऊल टाकणार नाही. मग फुटू दे ती पिशवी." आणि त्या शब्दाच्या पक्क्या. एका बहिणीशी पडद्याच्या कापडावरून बिनसलं, तर ती मरेपर्यंत तिच्या घरी गेल्या नाहीत.

ऑपरेशनच्या दिवशी मला लवकर निघावं लागलं, कारण मशीन तपासायचं होतं. आदल्या रात्रीपासून त्यांना काही खायचं नव्हतं. का, तेही मी घरात शंभरदा सांगितलेलं. माणूस भुलीत गेला की त्याच्या घशाचा पहारेकरीही झोपतो. पोटात अन्न असेल तर ते वर येतं आणि वाट चुकून श्वासाच्या नळीत शिरतं. फुप्फुसात गेलेला घास माणसाला घेऊनच जातो. मी स्वयंपाकघराला कुलूप घातलं, किल्ली ह्यांच्या हातात दिली आणि बजावलं, "या दारासमोर खुर्ची टाकून बसायचं. डोळ्यांत तेल घालून."

"अगं, मी काय लहान आहे?" हे म्हणाले. त्यांच्या हातात जाडजूड पुस्तक होतं. तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

सासूबाईंची केस आमच्या टाचणीकडे होती. टाचणी म्हणजे माझ्या हाताखाली शिकणारी नर्स. अंगाने बारीक आणि कुठेही टोचणारी, म्हणून टाचणी. तिचं शिक्षण संपत आलं होतं. भुलीच्या मॅडम तिची ही शेवटची केस बघणार होत्या, आणि त्यांनी मान डोलावली की ती स्वतंत्र झाली. बिचारी पहाटेपासून मशीनभोवती प्रदक्षिणा घालत होती. मी बाजूच्या थिएटरमध्ये माझं काम उरकलं आणि हात पुसत बाहेर आले, तर टाचणी समोरून फुललेल्या चेहऱ्याने आली.

"सिस्टर, किती गोड आहेत हो तुमच्या सासूबाई!"

"कोणाच्या?"

"तुमच्या! मी सुई लावली तर म्हणाल्या, हात किती हलका आहे गं तुझा. वॉर्डबॉयला म्हणाल्या, दमलास का बाळा. आणि तुम्ही उगाच त्यांच्याबद्दल काय काय सांगता!"

माझं धाबं दणाणलं.

"खाण्याचं विचारलंस?"

"हो तर. तुमच्याच पद्धतीने. चहाबरोबर काय खाल्लंत, म्हटलं. तर हसल्या आणि म्हणाल्या, चहा कुठला बाई, रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही."

बरोबर. माझा हुकमी एक्का त्यांना पाठ होता. साऱ्या जगात माझ्या युक्तीला पुरून उरेल असं एकच माणूस, आणि ते माझ्याच ताटाशेजारी बसून तयार झालेलं!

"टाचणे," मी म्हटलं, "ती बाई जेवून आलीय."

"कशावरून?"

"गोड बोलतेय त्यावरून!"

मी तशीच धावत सुटले. थिएटरच्या बाहेरच्या खोलीत सासूबाई ट्रॉलीवर पडल्या होत्या, डोक्याला टोपी, अंगावर पांघरूण. मला बघून त्यांनी असा काही हात पुढे केला की माझी शंका तिथेच खरी ठरली. "आलीस का गं? किती धावपळ तुझी. बस जरा."

"आई, सकाळी काय खाल्लंत?"

"काही नाही."

"बिस्किट?"

"छे गं."

"शपथ घ्या."

"अंगावर ऑपरेशनचा गाऊन घालून शपथा घ्यायच्या नसतात," त्या म्हणाल्या, तेही हसून.

तेवढ्यात भुलीच्या मॅडम आल्या. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर आठ्या घातल्या. "सिस्टर, गोड बोलणं हे लक्षण कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही मॅडम. आमच्या घरात आहे."

"संशय असला तरी मी थांबवीन, तो प्रश्न नाही. पण तुम्हीच सांगितलंत की परत पाठवलं तर त्या पुन्हा येणार नाहीत. आणि त्यांचे रिपोर्ट मी बघितलेत. तुमचा संशय खोटा निघाला तर आपण त्यांना उगाच घरी पाठवून मारू."

हेच तर! पुढे ढकललं तर ती पिशवी फुटेल, आणि आत नेलं तर काय होईल ते मला त्यांच्यापेक्षाही जास्त माहीत. मी मॅडमना म्हटलं, "दोन मिनिटं द्या. नुसतं ऐका." आणि ट्रॉलीजवळ गेले.

"आई, एक सांगायचं राहिलं. तुमची ती जाड बुडाची कढई होती ना? काल भंगारवाल्याला देऊन टाकली."

ती कढई त्यांच्या आईची. ती घासायला मी तारेची घासणी वापरली म्हणून त्या माझ्याशी आठवडाभर बोलल्या नव्हत्या. 

"बरं केलंस," सासूबाई म्हणाल्या. "जडच झाली होती मला."

टाचणीने माझ्याकडे बघितलं. मी मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "वय झालं की माणूस मऊ होतो, सिस्टर."

"अजून एक," मी म्हटलं. "आई, पुढच्या महिन्यात माझी आई राहायला येतेय. चांगली दोन महिने."

"येऊ दे की. बिचारी एकटी असते."

माझ्या आईला बिचारी! लग्नात सुपारी कोणी आधी घ्यायची... जाऊ दे, ते किती जुनं आहे ते विचारू नका. पण तेव्हापासून आजतागायत माझ्या आईचा उल्लेख आमच्या घरात "त्या" असा होतो, आणि तोही ओठ आवळून. मी मॅडमकडे वळले. "मॅडम, ही बाई नुसती बिस्किटं खाऊन आलेली नाही. हिचं पोट गच्च भरलेलं आहे."

"ते मला त्यांच्या तोंडून हवंय," मॅडम म्हणाल्या.

आता काय करायचं? सगळ्या युक्त्या संपल्या होत्या. ज्या माणसाला आपली प्रत्येक खोड माहीत आहे त्याला फसवणार कसं? शेवटी मी ट्रॉलीच्या कडेला टेकले आणि सरळच बोलले.

"आई, मला भीती वाटतेय. खरंच वाटतेय. तुम्ही खाल्लं असेल तर आत गेल्यावर ते वर येईल आणि तुम्ही गुदमराल. तुम्ही नसलात तर मी घरी कोणाशी भांडू?"

त्यांनी माझा हात थोपटला. "वेडी आहेस का? तू आत असताना मला काय होतंय?"

"मी आत नाहीये."

"म्हणजे?"

"घरच्या माणसाला आम्ही भूल देत नाही. नियम आहे. मी दाराबाहेर असणार. ही मुलगी असेल आणि मॅडम असतील."

सासूबाई कोपरावर उठून बसल्या. टोपी कानावर घसरली. "आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"आत्ता सांगतेय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग टाचणीकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं. मग पांघरुणाची कड मुठीत धरून छताला सांगितल्यासारखं म्हणाल्या, "दोन बिस्किटं खाल्ली."

"दोन?"

"चार."

"कोरडी?"

"दुधात बुडवून."

"आणि?" हे मॅडमनी विचारलं.

"केळं. छोटंसं."

"आणि?"

"रात्रीचा भात उरला होता," सासूबाई म्हणाल्या. "आता मी चार दिवस इथे, ही दिवसभर इथे, तो कोण खाणार? अन्न टाकायचं का?"

टाचणी भिंतीला टेकली. मी विचारलं, "आणि कुलूप?"

"त्या कुलपाची दुसरी किल्ली माझ्याकडे तुझ्या लग्नाआधीपासून आहे."

"आणि हे काय करत होते? दारात?"

"घोरत होता. मी त्याच्या छातीवरचं पुस्तक काढून बाजूला ठेवलं, नाहीतर दचकून उठला असता."

मला हसावं की ओरडावं कळेना. मी ओरडले. "पण का आई? एक सकाळ निभत नव्हती तुम्हाला?"

"भीती वाटली," त्या म्हणाल्या. अगदी सरळ. "मरायचंच झालं तर उपाशी का मरू?"

"मग विचारल्यावर खरं का नाही सांगितलंत?"

"तुझं नाक कापलं गेलं असतं म्हणून! भुलीच्या नर्सची सासू, आणि हादडून आली! सगळं हॉस्पिटल तुला हसलं असतं. अख्ख्या बिल्डिंगला सांगून आलेय मी, माझी सून तिथे आहे, मला काय धाड भरलीय. म्हटलं, तू आहेस ना, सांभाळून घेशील."

माझ्या नाकासाठी ही बाई जीव द्यायला निघाली होती. आणि इतकी वर्षं मी समजत होते की मी काय करते ते हिला कळतच नाही. मी तिथेच, टोपी-मास्कसकट, रडले. सासूबाई म्हणाल्या, "आता रडतेस काय, लोक बघतायत."

दारातून सर्जनसाहेब डोकावले. ते कायम घाईत असतात. "काय, घ्यायचं ना?"

"पेशंट जेवून आलाय," मॅडम म्हणाल्या.

"काय जेवून?"

"सगळं."

सर्जनसाहेब तसेच कँटीनकडे वळले.

आता प्रश्न त्या अटीचा. सासूबाई लगेच म्हणाल्याही, "झालं, सुटले. आता मी काही पुन्हा यायची नाही." पण मॅडमनी त्यांच्या उशाशी स्टूल ओढलं. "आजी, तुमची सून आत असेल तर याल?" माझ्याकडे न बघताच त्यांनी मला बजावलं, "तुम्ही सुनेच्या नात्याने यायचं. सिरिंजला हात लावायचा नाही. त्यांचा हात धरून उभं राहायचं, बस." सासूबाईंनी बराच वेळ टोपी नीट करण्यात घालवला. मग म्हणाल्या, "भात मात्र आदल्या दिवशी कमी लाव."

बाहेर बाकावर आमचे हे बसले होते. मी काही बोलायच्या आतच त्यांनी खिशातून किल्ली काढून दाखवली. "बघ, एक क्षण हातातून सोडली नाही!" मी त्यांना जे काही म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

पुढच्या वेळी मी स्वतः स्वयंपाकघराच्या दारात गादी घातली. दोन्ही किल्ल्या माझ्या गळ्यात. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी त्या उपाशी, त्यांच्यासमोर मी चहाचा कप कसा तोंडाला लावणार? तशीच त्यांना घेऊन निघाले, हॉस्पिटलच्या दारात त्यांना टाचणीच्या हवाली केलं आणि कपडे बदलायला गेले.

बाहेर आले तर टाचणी डोळे पुसत उभी.

"काय झालं?"

"मला म्हणाल्या, ही काय सुई टोचते की खिळा ठोकते? म्हणाल्या, हिला काम दिलं कोणी? सर्जनसाहेब 'कशा आहात आजी' म्हणाले, तर त्यांना म्हणाल्या, स्वतःचे केस धड कापून घेता येत नाहीत आणि माझं पोट कापायला निघालाय. सिस्टर, त्या परवा इतक्या छान होत्या हो!"

माझ्या जिवात जीव आला. मी खोलीत शिरले आणि सासूबाईंनी मला बघताक्षणी तोंड सोडलं. "आलात महाराणी? कढई कुठे आहे माझी? ती आण परत भंगारवाल्याकडून, नाहीतर घरात पाऊल टाकू देणार नाही. आणि त्या येणार आहेत म्हणे दोन महिने! दोन महिने? दोन दिवस! तिसऱ्या दिवशी मी जाईन लेकीकडे!"

इतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलं नव्हतं.

"मॅडम," मी ओरडून सांगितलं, "पोट रिकामं आहे. घ्या आत."

आतमध्ये मी त्यांच्या डोक्याशी उभी राहिले, हात रिकामे ठेवून. इतकं अवघड काम मी कधी केलं नाही. टाचणीने नाकातोंडावर मास्क धरला तर माझी बोटं शिवशिवायची, मास्क जरा डावीकडे घे म्हणावंसं वाटायचं. मॅडमनी डोळे वटारले. मी हात सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो इतका घट्ट धरला की माझी बांगडी रुतली.

"उठवशील ना गं?" त्यांनी विचारलं.

"उठवीन."

औषध गेलं. बोटं एकेक करून सैल झाली. अशी सैल पडलेली बोटं मी किती धरलीत आणि किती सहज गादीवर ठेवून दिलीत त्याला गणती नाही. ही सोडवेनात. मॅडमनी मागायच्या आधीच टाचणीने दिवा त्यांच्या हातात दिला, नळी दिली. छातीत दोन्ही बाजूंना श्वास पोचतोय ना ते स्टेथोस्कोप लावून ऐकलं, पापण्यांवर हळूच पट्ट्या चिकटवल्या आणि पेशंटवर नजर लावली. मग ती नजर हललीच नाही. खाण्याआधीच्या सासूबाईंच्या हातून सुटून आलेल्या माणसाला कसली भीती! मॅडमनी मान डोलावली. टाचणीला ते दिसलंही नाही, कारण ती पेशंटकडे बघत होती.

पित्ताशय निघालं. सासूबाईंना शुद्धीवर आणायच्या खोलीत घेतलं. टाचणी त्यांना हाका मारत होती, "आजी, डोळे उघडा, झालं ऑपरेशन, मोठा श्वास घ्या." मी पायाशी उभी होते. शुद्धीवर येताना माणसं काय काय बोलतात ते मला माहीत आहे. कोणी म्हणतं सुरू कधी करणार, कोणी चप्पल मागतं. सासूबाईंच्या पापण्या हलल्या. त्यांनी टाचणीला ओलांडून मला शोधलं. ओठ हलले. मी धावत जाऊन कान जवळ नेला. म्हटलं, कढईच असणार.

"खाल्लंस का?"

इतक्या वर्षांत मी किती जणांना हे विचारलं असेल! त्या खोलीत मला कधी कोणी विचारलं नव्हतं. 

"हो आई. खाल्लं."

त्यांनी डोळे मिटले. श्वास संथ झाला. झोपल्या असं वाटून मी पांघरूण सारखं करायला वाकले. तेवढ्यात मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी अगदी सहज विचारलं, "चहाबरोबर काय खाल्लंस?"

"चहा कुठला आई, सकाळपासून पाण्याचा घो..."

मी तोंड दाबून धरलं, पण उशीर झाला होता.

"सापडली," सासूबाई टाचणीला म्हणाल्या. जीभ जड होती, पण शब्द न् शब्द कळत होता. "पाठवा हिला कँटीनमध्ये."

टाचणीने माझा दंड धरला आणि दरवाज्याकडे बोट केलं. मी मुकाट्याने गेले.